कार्डात पाणी नाही

"पाणी कार्डात बसत न्हाई म्हंजे? मग बसतंय काय तुमच्या कार्डात?"

शंकरप्पाने काउंटरवर हात आपटला तशी सिंधूच्या पुढ्यातली पेनं घरंगळत खाली गेली. ती दचकली नाही. सकाळपासून तिच्यापुढे हात आपटणारा हा काही पहिला माणूस नव्हता. लातूरच्या त्या खाजगी दवाखान्यात सरकारी विमा योजनेचं एक छोटं काउंटर होतं आणि त्यावर सिंधू 'आरोग्यमित्र' म्हणून बसायची. नावात मित्र होता, पण मित्रासारखं तिच्याशी कुणी बोलत नसे. पेशंट तिला दवाखान्याची समजून भांडत, दवाखाना तिला सरकारची समजून टोमणे मारी, आणि सरकारला फोन लावला की तिकडून नुसतं संगीत वाजत राही.

"अप्पा, माझं ऐका तर," ती म्हणाली. "मशीन कार्डात हाय. सुई, नळी कार्डात हाय. डॉक्टर कार्डात हाय. पाणी तेवढं न्हाई. दवाखान्याला टँकर विकत घ्यावा लागून राहिलाय. म्हणून योजनेच्या पेशंटची आजची पाळी कॅन्सल. इथून पुढं हप्त्यातून तीनदा न्हाई, दोनदाच."

"आन रोखीनं येणाऱ्यांची?"

सिंधू पेनं उचलायला खाली वाकली ती बराच वेळ वर आली नाही.

मागे काउंटरसमोरच्या बाकावर शंकरप्पाची बायको रत्नम्मा भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिचे पाय सुजून चपलेच्या पट्ट्यात मावत नव्हते. दोन्ही किडन्या गेल्यापासून तिचं रक्त मशीनने धुवावं लागे, आणि ते मशीन पिंपानं पाणी प्यायचं. एक पाळी चुकली की अंगात पाणी साठायचं आणि दम लागायचा. आजची पाळी चुकत होती. तिच्या छातीतली घरघर शंकरप्पाला काउंटरपर्यंत ऐकू येत होती.

तेवढ्यात दवाखान्याचा मॅनेजर फोनवर बोलत बोलत तिथून चालला होता. अप्पाने त्याला आडवं होऊन थांबवलं. मॅनेजरही त्या दिवशी वैतागलेलाच होता. मागच्या दुष्काळात निदान रेल्वेने पाणी आलं होतं, त्याचे फोटो तरी आले होते. या दुष्काळात टँकरवाले फोनच उचलत नव्हते.

"अहो काका, मी काय हवेवर चालवू का मशीन?" तो म्हणाला. "तुम्ही आणा पाणी, लगेच लावतो बाईंना. आणता? नाही ना? मग झालं तर!"

असं बोलून माणूस पुढे निघून जातो, ऐकणारा कपाळाला हात लावतो आणि विषय संपतो. पण मॅनेजरने हे ज्याला सुनावलं, त्याची सगळी उमर गावाला पाणी देण्यात गेली होती, हे त्याला कुठून ठाऊक असणार? शंकरप्पाने रत्नम्माला उठवलं, कोपऱ्यात उभी केलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकली आणि उदगीरची बस धरली.

ती चावी हे एक प्रकरणच होतं. कमरेइतकी उंच, वर आडवी दांडी, खाली चौकोनी तोंड. नळयोजनेचे जमिनीतले व्हॉल्व्ह तिने उघडतात. शंकरप्पा उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेल्या आपल्या गावात ग्रामपंचायतीचा पाणीवाला होता. नळाला पाणी येणं बंद होऊन जमाना झाला होता. आता टँकर यायचा, हौदात ओतून जायचा आणि अप्पा त्या हौदाचा व्हॉल्व्ह चावीने उघडायचा. ही चावी तो कुणाच्या हाती देत नसे. लातूरला जातानाही बरोबर. बसमध्ये कंडक्टर दर वेळी म्हणायचा, "अप्पा, ह्या दांडक्याचं हाफ तिकीट काढा." अप्पा दर वेळी तेच ऐकून दर वेळी नव्याने चिडायचा.

चिडणं हा त्याचा धंदाच होता म्हणा. हौदावर माणशी दोन घागरी, आणि लाईन म्हणजे लाईन. कामाला गेलेल्या बाईने लाईनीत घागर ठेवली, आणि घागर नसेल तर नुसता दगड ठेवला, तरी ती बाईच तिथे उभी आहे असं अप्पा धरायचा. सरपंचाच्या घरी लग्न होतं तेव्हा सरपंचाच्या भावाने कुणाचा तरी दगड पायाने सारला. अप्पाने त्याच्यादेखत व्हॉल्व्ह बंद केला. "ते दगूड न्हाई, ते केवळाबाई हाय," म्हणाला. केवळाबाई शेतातून येईपर्यंत वऱ्हाड तहानलेलं बसून राहिलं. गावाने यावर महिनाभर हसून घेतलं, पण त्यानंतर कुणी दगडाला पाय लावला नाही.

हीच शिस्त त्याने दवाखान्यातही नेली होती. योजनेच्या पेशंटांसाठी वरच्या मजल्यावर मशीनच्या खोलीबाहेर एकच बाक होता. कुणी आधी घुसू नये म्हणून अप्पाने तिथेही लाईन लावली. उठून जायचं तर जागेवर काहीतरी ठेवून जायचं. चाकूरकडचा ग्यानोबा नावाचा एक म्हातारा याच दिवशी यायचा. एकटाच असायचा. तो आपला पंचा ठेवून जाई. "अप्पा, तुमच्या कायद्यानं माझ्यापेक्षा माझा पंचाच जास्ती बसून राहिलाय दवाखान्यात," असं म्हणून तो हसे. अप्पाही हसे. जगात अप्पाला हसवणारी माणसं थोडी होती, त्यात हा एक.

कार्डाला शिव्या देताना अप्पा एक गोष्ट मात्र विसरत नसे. हे कार्ड नसतं तर रत्नम्मा केव्हाच गेली असती. देशात कुठेही चालतं म्हणून सांगितलं होतं आणि खरंच चाललं. मशीनचा एक रुपया कुणी मागितला नाही. पहिल्यांदा अप्पाला वाटलं, यात काहीतरी फसवणूक असणार. महिनाभर तो दर वेळी "नंतर मागणार न्हाईत न्हवं?" असं सिंधूला विचारायचा. सिंधू मूळची मुदखेडची. तिच्या वडिलांच्या वेळी कार्ड नव्हतं, एवढंच ती एकदा बोलली होती. त्यानंतर अप्पाने विचारणं सोडलं.

आता प्रश्न राहिला लातूरलाच का जायचं, हा. तर त्याचं उत्तर गावात लहान पोरालाही पाठ होतं: जिल्हा झाला की इथंच मशीन येणार. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोर्चे निघाले, बंद पाळले गेले, हायवेला 'नियोजित जिल्हा उदगीर' असा बोर्ड लागला. उन्हाने त्यातला 'नियोजित' उडून गेला, तेव्हा परगावचे लोक अभिनंदन करून जाऊ लागले. रस्ता कधी होणार? जिल्हा झाला की. पाईपलाईन? जिल्हा झाला की. रत्नम्मा एकदा बसमध्ये ओकून ओकून अर्धी झाली तेव्हा म्हणाली, "जिल्हा झाला की मला तेवढं कळवा. तंवर मी मरून बघते." तिची जीभ अशी होती.

तिचा सगळ्यात मोठा राग एका घागरीवर होता. डॉक्टरने तिला पाणी तोलून प्यायला सांगितलं होतं, दिवसाला तांब्याभर. हे ऐकल्याबरोबर अप्पाने दुसऱ्याच दिवशी हौदावर आपल्या घरच्या वाट्यातली एक घागर कमी केली. लाईन लावणाऱ्याच्याच घरी फुकटची घागर कशी न्यायची? संक्रांतीपासून ती घागर गावात जिरत होती.

"मी मेले का?" रत्नम्मा ओरडली होती. "प्यायला न्हाई म्हून काय झालं? माझ्या नावाची घागर हाय ती!"

"नेम म्हंजे नेम."

"तुमच्या नेमाला आग लागो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. हौदाभोवती घागरी, कळशा, डबे, दगड असे सगळे ओळीत लागले. आणि ओळीच्या शेवटी दोन निळी पिंपं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"पिंपं कुणाची ओ अप्पा?" लक्ष्मम्माने विचारलं. ती ओळीत सगळ्यात पुढे होती, ती नेहमीच असायची.

"माझी."

"तुमी लाईनीत?"

अप्पाने सांगितलं. सांगताना तो कुणाकडे बघत नव्हता. मशीन, पाणी, मॅनेजर, आणि काल चुकलेली पाळी. आयुष्यात त्याने हौदावर कुणापुढे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्याला मागायचं कसं तेच जमेना. मागणं कमी आणि दरडावणं जास्त झालं.

सटवाजीने घागर खाली ठेवली. "दोन पिंपं? एका माणसाला? अप्पा, तेवढ्यात आमची गल्ली दोन दिवस काढती. कार्ड सरकारचं, मशीन दवाखान्याचं, आन पाणी तेवढं आमचं व्हय? लई झकास योजना हाय ही!"

खोटं काय होतं त्यात? अप्पाला सटवाजीचा राग आला तो यासाठीच. त्याच्या जागी तो स्वतः असता तर हेच बोलला असता, अजून चार शब्द जास्तच.

"मी लाईनीत हाय," तो म्हणाला. "उरलं तर घेईन. न्हाई उरलं तर न्हाई."

"उरतंय कुठलं, डोंबल!" लक्ष्मम्मा म्हणाली आणि वळली. "का रं सटवाजी, रत्नम्माची घागर संक्रांतीपासून कोण पिऊन राहिलंय? तुझी म्हसच का न्हाई?"

"म्हशीचं नाव घेऊ नका."

"मग तुझं घेते." तिने आपली भरलेली घागर उचलली, ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेली आणि पिंपात पालथी केली. पिंपाच्या तळाला धडधड आवाज झाला. "ही माझी. आता बघते कोण-कोण रत्नम्माचं देणं लागतं ते."

मग बायका एकेक करून येऊ लागल्या. प्रेमाने वगैरे नाही. शिव्या देत, पाण्याला, सरकारला, टँकरवाल्याला, अप्पाच्या नेमाला शिव्या देत देत ओतू लागल्या. अप्पा पिंपाचं झाकण हातात धरून उभा होता. शेवटी सटवाजीही आला आणि त्याने अर्धी घागर रिकामी केली.

"ही उसनी हाय," तो म्हणाला. "जिल्हा झाला की वापस पायजे."

दुपारी एका टेम्पोत मागे पिंपं आणि पुढे रत्नम्मा अशी वरात निघाली. अप्पा मागे पिंपांना मिठी मारून बसला होता. खड्डा आला की झाकणाच्या फटीतून ओंजळभर पाणी सांडे आणि तो ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

दवाखान्यात मॅनेजरला आपण काय बोललो होतो ते आठवेना. आठवलं तेव्हा तो म्हणाला, "अहो, ते बोलायची पद्धत असते."

"सर, तुम्ही माझ्यासमोर बोललात," सिंधू काउंटरमागून उभी राहिली. "पाणी आणा, लगेच लावतो म्हणालात. आणलंय त्यांनी. आता लावा."

चार माणसं बघत होती. मॅनेजरने हात उडवले आणि पिंपं वरच्या टाकीत ओतायला सांगितली. त्या टाकीतून पाणी गाळणयंत्रात जायचं आणि तिथून मशीनला. अप्पा जिन्याने वर गेला आणि यंत्राच्या मागच्या नळीतून एक धार वेगळीच वाहताना बघून जागीच थबकला.

"हे कुठं चाललंय?"

"ते क्षाराचं पाणी, आजोबा," मशीनवरची सिस्टर म्हणाली. "गाळून निघालेलं. ते संडासाच्या टाकीत जातं. जवळजवळ निम्मं जातंच."

"निम्मं?"

हौदावर ओंजळ सांडली म्हणून ज्याने पोरींच्या पाठीत धपाटे घातले, त्याच्यासमोर गावाने शिव्या देऊन ओतलेलं निम्मं पाणी संडासात चाललं होतं. त्याला वाटत होतं, दोन पिंपं आहेत, रत्नम्माचं होऊन ग्यानोबाचंही भागेल. मनातल्या मनात त्याने ग्यानोबाला ते सांगूनही टाकलं होतं.

"मग हे कितीजणांचं?"

"एकाचं," सिस्टर म्हणाली. "दुसऱ्याला मध्येच बंद पडलं तर रक्त बाहेर राहील. मी रिस्क घेणार नाही. टँकर उद्या आला तर आला. कोण पहिलं आहे, त्यांना घ्या आत."

अप्पा बाहेर बाकाजवळ आला. बाकावर रत्नम्मा बसली होती, तोंड उघडं ठेवून श्वास घेत. तिच्या पलीकडे, पहिल्या जागेवर, ग्यानोबाचा पंचा होता. कालची पाळी रद्द झाल्यावर म्हातारा घरी गेलाच नव्हता. रात्री तिथेच आडवा झाला होता आणि आता कुठेतरी उठून गेला होता. पंचा नीट घडी घालून ठेवलेला होता, अप्पाच्या कायद्याप्रमाणे.

अप्पा त्या पंचासमोर उभा राहिला. सिस्टर दारात उभी होती.

"काय बघताव?" रत्नम्मा म्हणाली. तिला एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "जल्मभर… दुसऱ्याची लाईन लावलाव. एक डाव… माझी लावा की."

"त्यो आधी हाय, रत्ना."

"मला ठावं हाय." तिचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत. "मला मरायचं न्हाई ओ."

इतक्या वर्षांत तिने त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. भांडली होती, टोचून बोलली होती, मरते मरते म्हणून धमक्या दिल्या होत्या. हे नव्हतं सांगितलं.

अप्पाने पंचा उचलला. त्याने तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, घडी मोडू न देता. मग रत्नम्माच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि आत नेलं.

तो बाहेर आला तेव्हा ग्यानोबा बाकाजवळ उभा होता. तो खाली सिंधूकडे गेला होता. त्याचा चेहरा सुजून चकचकीत झाला होता.

"पंचा हलला वाटतं," ग्यानोबा म्हणाला.

"मी हलवला."

ग्यानोबाने मशीनच्या खोलीकडे पाहिलं. त्याला कळलं. अप्पाला वाटत होतं, याने भांडावं. आईबहिणीवरून शिव्या द्याव्यात. हौदावर दगड हलला तर बायका झिंज्या उपटतात, तसं काहीतरी करावं.

"बरं केलं," ग्यानोबा म्हणाला आणि पंचा खांद्यावर टाकला. "पाणी तुमच्या गावचं. मी तर निस्ता पंचा ठेवलता."

"उद्याच्याला टँकर येणार हाय हितं. उद्या तुमचा पयला नंबर. मी सोता उभा राहतो."

"उद्या लई लांब हाय, अप्पा." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "सिंधूबाई म्हणती, नांदेडला पाणी हाय. गोदावरी हाय न्हवं तिथं. कार्ड बी चालतंय. निघतो."

अप्पाने त्याला बसस्टँडपर्यंत सोडायला जायला हवं होतं. रत्नम्मा आत आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि तो बसून राहिला. खरं म्हणजे त्याला त्या म्हाताऱ्याच्या बरोबरीने चालायची लाज वाटत होती.

पुढच्या पाळीला ते आले तेव्हा दवाखान्यात टँकर लागला होता. रत्नम्माची सूज उतरली होती आणि जिभेला धार परत आली होती. बसमध्ये तिने कंडक्टरला चावीवरून चांगलंच झापलं होतं. बाकावर मात्र तिने पहिल्या जागेकडे बघायचं टाळलं. पहिली जागा सोडून दोघे बसले. अप्पा जिन्याकडे बघत होता. ग्यानोबा पहिल्या बसने यायचा, त्याला एव्हाना यायला हवं होतं.

जिन्याने सिंधू वर आली. काउंटर सोडून ती सहसा वर येत नसे.

"अप्पा, चाकूरहून फोन आलता," ती म्हणाली. "ग्यानोबांच्या पुतण्याचा. कार्ड बंद कसं करायचं, ते विचारत होता."

अप्पाने चावी मांडीवर आडवी घेतली.

"नांदेडला पोचले होते ते. पाणी होतं. मशीन होतं. कार्डबी चाललं." ती थांबली. "पुढं लोक लई होते. लाईनीतच बसले होते म्हणे."

ती खाली निघून गेली. तिच्या काउंटरवर कुणीतरी हात आपटत असल्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळाने निलंग्याकडचा एक नवा पेशंट आला. धोतरवाला, हातात कोरं कार्ड, चेहऱ्यावर पहिल्या दिवसाची भीती. पहिली जागा रिकामी बघून तो टेकायला लागला.

"थांबा," अप्पा म्हणाला. त्याने मांडीवरची लोखंडी चावी उचलली आणि त्या जागेवर आडवी ठेवली. "हितं नंबर लागलेला हाय. तुमी आमच्या मागं बसा."

"कुणाचा नंबर?"

"चाकूरच्या माणसाचा."

नवा पेशंट गोंधळून चावीकडे बघत राहिला. रत्नम्माने तोंड उघडलं. आता ती काहीतरी तोडून बोलणार असं अप्पाला वाटलं. पण तिने लुगड्याचा पदर आवरला, आणि चावीला जागा पुरावी म्हणून ती थोडी बाजूला सरकली.